अपुऱ्या नोंदी आणि बहुपदीचे सहगुणक : प्रस्तावना

प्रयोगशाळेत किंवा वेधशाळेत घेतलेल्या मोजक्या नोंदींवरून दोन राशींमधला संबंध सूत्ररूपाने लिहिणे ही विज्ञानाची फार जुनी गरज आहे, आणि तिच्यासाठी सर्वाधिक वापरले गेलेले साधन म्हणजे बहुपदी, म्हणजेच चलाच्या चढत्या घातांना ठरावीक संख्यांनी गुणून केलेली बेरीज. या गुणणाऱ्या संख्यांना सहगुणक म्हणतात आणि सर्वांत मोठ्या घाताला बहुपदीची कोटी म्हणतात; पहिल्या कोटीच्या बहुपदीचा आलेख सरळ रेषा असतो, दुसऱ्या कोटीचा अन्वस्त असतो, आणि कोटी वाढत जाते तशी वक्राला वळणे घेण्याची मुभा वाढत जाते. बहुपदीची किंमत केवळ बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार एवढ्याच क्रियांनी काढता येते, शिवाय बंदिस्त अंतरालावरचे कोणतेही संतत फलन बहुपदीने हवे तितके जवळून गाठता येते हे कार्ल वायरश्ट्रास यांनी १८८५ साली सिद्ध केलेले आहे, त्यामुळे बहुपदीवरचा भरवसा निव्वळ सवयीतून आलेला नाही. मात्र हे प्रमेय तशी बहुपदी अस्तित्वात असते एवढेच सांगते. हाताशी चार-पाचच नोंदी असताना तिचे सहगुणक कसे ठरवावेत, आणि ठरवलेल्या सहगुणकांवर किती विसंबावे, याविषयी ते काही सांगत नाही. प्रस्तुत ग्रंथाचा विषय नेमका हा आहे.

प्रश्न मांडायला सोपा आहे. दुसऱ्या कोटीच्या बहुपदीत तीन सहगुणक असतात, तिसऱ्या कोटीच्या बहुपदीत चार, आणि प्रत्येक नोंद त्या सहगुणकांमधले एक समीकरण पुरवते. जितकी अज्ञाते तितकी स्वतंत्र समीकरणे असल्याखेरीज उत्तर एकमेव मिळत नाही, हे शाळेतल्या एकसामयिक समीकरणांपासून सर्वांच्या परिचयाचे आहे. नोंदी कमी पडल्या म्हणजे उत्तरच मिळत नाही असे मात्र नाही. उलट अगणित उत्तरे मिळतात, आणि अडचण तिथून सुरू होते. समजा, क्ष १ असताना य ३ येतो आणि क्ष ३ असताना य ७ येतो, एवढ्या दोनच नोंदी आहेत आणि त्यांतून दुसऱ्या कोटीची बहुपदी न्यायची आहे. य = १ + २क्ष ही सरळ रेषा दोन्ही नोंदींतून जाते; परंतु (क्ष − १)(क्ष − ३) हा गुणाकार दोन्ही ठिकाणी शून्य होत असल्यामुळे त्याला ग या कोणत्याही संख्येने गुणून रेषेत मिळवले, तरी य = १ + २क्ष + ग(क्ष − १)(क्ष − ३) हे सूत्र नोंदींशी तंतोतंत जुळलेलेच राहते. ग शून्य घेतला तर क्ष १० असताना य २१ येतो, ग १ घेतला तर ८४ येतो, आणि उणे १ घेतला तर उणे ४२ येतो. नोंदींच्या मधोमध, म्हणजे क्ष २ असताना, हीच तीन सूत्रे ५, ४ आणि ६ अशी उत्तरे देतात. नोंदींच्या आत मतभेद माफक राहतो आणि बाहेर पाऊल टाकताच तो हाताबाहेर जातो. नोंदींच्या सर्व स्थानी शून्य होणारी अशी बहुपदी नोंदींना दिसतच नाही, आणि जे नोंदींना दिसत नाही त्याविषयी नोंदी साक्ष देऊ शकत नाहीत.

हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. हॅरोल्ड जेफ्रीज यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थिअरी ऑफ प्रॉबॅबिलिटी’ या ग्रंथात पडणाऱ्या वस्तूचे उदाहरण घेऊन असे दाखवले, की तिने कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या परिचित सूत्राने जितके अचूक सांगता येते तितकेच ते, त्या सूत्रात सर्व नोंदींच्या क्षणी शून्य होणारे एखादे पद मिळवून तयार केलेल्या असंख्य सूत्रांनीही सांगता येते, आणि तरीही कोणताही भौतिकशास्त्रज्ञ ती असंख्य सूत्रे विचारात घेत नाही. जेफ्रीज आणि डोरोथी रिंच यांनी १९२१ मध्येच याचे उत्तर शोधायला आरंभ केला होता: साध्या, म्हणजे कमी सहगुणकांच्या, नियमाला नोंदी पाहण्यापूर्वीच अधिक संभाव्यता दिली जाते, आणि ती दिल्यावाचून अनुभवावरून कोणताही नियम शिकता येणार नाही. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा करणारे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजला जेफ्रीज यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन केले होते, तेव्हा ही विचारपरंपरा महाराष्ट्रातल्या संख्याशास्त्राच्या अभ्यासकांना परकी नाही. तिचे सार असे, की साधेपणाला झुकते माप देणे हा आळस नसून ते एक उघडपणे केलेले गृहीतक आहे, आणि गृहीतक म्हणून त्याची चर्चाही उघडपणे व्हायला हवी.

एकच नोंद कमी पडल्याने काय काय हरवू शकते, हे आदी शामीर यांनी १९७९ साली गुप्तलेखनासाठी योजलेल्या पद्धतीत स्वच्छ दिसते. तीत गुपित संख्या हा बहुपदीचा स्थिर सहगुणक मानतात, उरलेले सहगुणक यदृच्छेने निवडतात आणि निरनिराळ्या बिंदूंवरच्या बहुपदीच्या किमती भागीदारांना एकेक करून वाटतात. बहुपदी दुसऱ्या कोटीची असेल तर कोणतेही तीन भागीदार एकत्र येऊन गुपित उलगडतात, पण दोघांना मिळून त्याविषयी काडीचीही माहिती मिळत नाही, कारण मर्यादित संख्यांच्या अंकगणितात गुपिताची प्रत्येक शक्य किंमत त्यांच्या दोन नोंदींशी सारखीच जुळते. तिथे सहगुणक खरोखर यदृच्छेने निवडलेले असतात, म्हणून सुटकेची वाट राहत नाही. निसर्गातले सहगुणक तसे नसतात. धातू, ग्रह, औषध, पूल यांपैकी प्रत्येकाविषयी नोंदींव्यतिरिक्तही काही ना काही ठाऊक असते, आणि कमी पडणारे समीकरण त्या ज्ञानातून आणता येते. या ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन इथे सांगून ठेवणे योग्य होईल: उत्तर म्हणून एकच बहुपदी पुढे ठेवली गेली की कमी पडणारे समीकरण कुठून तरी आलेले असतेच, आणि ते कुठून आले हे जाणून घेणे व जाहीर करणे हे गणना करणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

ते समीकरण सिद्धान्तातून आल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खगोलशास्त्रात सापडते. जुझेप्पे पियाझ्झी यांना १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथील वेधशाळेतून सेरेस दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचे वेध घेतले आणि त्यानंतर तो सूर्याच्या प्रकाशात दिसेनासा झाला. सहा आठवड्यांहूनही कमी काळाच्या नोंदींना काळाची बहुपदी जुळवून ती दहा-अकरा महिने पुढे नेली असती, तर सेरेस पुन्हा सापडण्याची आशा धरता आली नसती. चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिख गाउस यांनी वेगळी वाट धरली. सूर्याभोवतीची कक्षा केप्लरच्या नियमांनुसारच असणार हे धरले की ती सहा संख्यांनी पूर्ण ठरते, आकाशातला प्रत्येक वेध दोन कोन देतो, आणि म्हणून नेटके निवडलेले तीन वेध कक्षा काढायला तत्त्वतः पुरेसे होतात. गाउस यांच्या गणिताच्या आधाराने डिसेंबर १८०१ मध्ये फ्रान्झ फॉन झाख यांना आणि पाठोपाठ हाइनरिख ओल्बर्स यांना सेरेस पुन्हा सापडला. सूत्राचा साचाच सिद्धान्ताने दिला असल्यामुळे नोंदींवरचा भार हलका झाला होता, हे या यशाचे खरे कारण आहे. लघुतम वर्ग पद्धती, म्हणजे सूत्राने दिलेल्या आणि नोंदलेल्या किमतींमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे सहगुणक निवडण्याची रीत, आद्रियाँ-मारी लजांद्र यांनी १८०५ साली प्रसिद्ध केली आणि गाउस यांनी १८०९ साली आपल्या पद्धतीने मांडली. पण ती रीत अज्ञातांहून नोंदी अधिक असताना कामाची आहे, आणि नोंदी कमी असताना तिच्याकडून अपेक्षा करणे चूक आहे.

तापमापनाच्या इतिहासात हाच प्रश्न अधिक जवळून पाहता येतो, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबणे उचित ठरेल. प्लॅटिनमच्या तारेचा विद्युत रोध तापमानाबरोबर वाढतो, आणि ह्यू कॅलेंडर यांनी १८८७ साली असे दाखवून दिले की ही वाढ दुसऱ्या कोटीच्या बहुपदीने फार चांगली सांगता येते: शून्य अंशावरचा रोध, तापमानाचा सहगुणक आणि तापमानाच्या वर्गाचा सहगुणक अशी तीन अज्ञाते. वितळणारे बर्फ आणि उकळते पाणी हे दोन स्थिर बिंदू कुणालाही सहज मिळतात, पण तीन अज्ञातांना दोन बिंदू पुरत नाहीत. म्हणून उकळत्या गंधकाचा, सुमारे ४४४.६ अंश सेल्सिअसचा, तिसरा बिंदू घेण्यात आला, आणि १९२७ च्या आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीत शून्याच्या वरच्या पल्ल्यासाठी हीच त्रयी कायम झाली. शून्याखालच्या तापमानासाठी बहुपदीत आणखी एक पद घालावे लागले, तेव्हा उकळत्या द्रव ऑक्सिजनचा चौथा बिंदूही घ्यावा लागला. एक सहगुणक वाढवला की एक स्थिर बिंदू वाढवायचा, ही शिस्त त्या पिढीने कटाक्षाने पाळली.

आजच्या साध्या प्लॅटिनम तापमापकाचा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि शंभर अंशांना १३८.५१ ओहम असतो. प्रयोगशाळेत बर्फ आणि उकळते पाणी एवढेच उपलब्ध असेल, आणि दोनच नोंदी आहेत म्हणून सरळ रेषेवर समाधान मानले, तर तापमान खरोखर ५० अंश असताना रोध ११९.४० ओहम येतो आणि ती रेषा त्याचा अर्थ ५०.३७ अंश असा लावते. हा दोष अनेक कामांत चालून जाईल. पण तीच रेषा वर नेली, तर भट्टीचे तापमान ४०० अंश असताना ती ३८२ अंश दाखवते, आणि अठरा अंशांची ही तूट कोणत्याही भट्टीवर खपण्यासारखी नाही. यावरचा उपाय गंधक उकळण्याइतका खटाटोपाचा नाही. वर्गपदाचा सहगुणक मुख्यतः धातूच्या गुणधर्मावर अवलंबून असतो, विशिष्ट दर्जाच्या प्लॅटिनमसाठी त्याची प्रमाणित किंमत ठरलेली आहे, आणि ती तशीच घेऊन उरलेले दोन सहगुणक दोन नोंदींवरून काढले, की वक्र भट्टीच्या तापमानापर्यंतही विश्वासार्ह राहतो. इथे तिसरे समीकरण आधीच्या कित्येक प्रयोगशाळांच्या कष्टांतून आलेले आहे, आणि ते तसे आले आहे असे प्रमाणपत्रावर लिहिता येते. नोंदी अपुऱ्या असताना याहून निर्मळ मार्ग नाही, असे प्रस्तुत ग्रंथाचे मत आहे.

या उदाहरणातच एक सावधगिरीही दडलेली आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंशांना उकळते. वातावरणाच्या दाबाची ही दुरुस्ती करायचे राहून गेले, तर तापमानाचा सहगुणक जवळजवळ दोन टक्क्यांनी चुकतो, आणि तरीही सूत्र दोन्ही नोंदींशी तंतोतंत जुळते. सूत्राने दिलेली किंमत आणि नोंदलेली किंमत यांतल्या फरकाला अवशेष म्हणतात. अज्ञाते दोन आणि नोंदीही दोन असल्या की अवशेष नेहमीच शून्य येतो, मग नोंद खरी असो वा खोटी. नवख्या अभ्यासकाला शून्य अवशेष हा यशाचा पुरावा वाटतो, वास्तविक तो पुराव्याचा अभाव असतो. त्रुटी किती आहे हे कळण्यासाठीच अज्ञातांहून अधिक नोंद लागते, आणि ती नसेल तर सहगुणकाच्या अनिश्चिततेविषयी नोंदी मौन पाळतात. उपलब्ध वेळेत एकच जादा नोंद घेता येत असेल, तर ती कोटी वाढवण्यासाठी खर्च न करता पडताळणीसाठी राखून ठेवावी, असा आग्रह या ग्रंथात वारंवार धरलेला दिसेल.

थोड्या नोंदींचा विवेकाने वापर करण्याची परंपरा भारतीय गणितात फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६६५ च्या खंडखाद्यकात ज्या, म्हणजे आजच्या भाषेत त्रिज्येने गुणलेली साइन, त्रिज्या १५० धरून पंधरा-पंधरा अंशांच्या अंतराने दिली आहे, आणि लागोपाठच्या किमतींमधले फरक ३९, ३६, ३१, २४, १५ आणि ५ असे येतात. एवढ्या सहा आकड्यांवर सगळी सारणी उभी आहे. मधल्या कोनाची ज्या काढण्यासाठी सरळ त्रैराशिक केले, तर ५० अंशांसाठी ४५ अंशांच्या १०६ या किमतीत २४ चा तिसरा हिस्सा मिळवून ११४ येतात. ब्रह्मगुप्ताची रीत यापुढे जाते: ओलांडलेला फरक, म्हणजे गतखंड, ३१ आहे आणि पुढचा, म्हणजे भोग्यखंड, २४ आहे, त्यांच्या सरासरीतून, म्हणजे २७.५ मधून, त्यांच्या वजाबाकीच्या निम्म्याचा तिसरा हिस्सा वजा करून सुधारलेला फरक २६.३३ येतो, आणि त्याचा तिसरा हिस्सा मिळवल्यावर ज्या ११४.७८ येते. खरी किंमत ११४.९१ आहे. आजच्या दृष्टीने पाहता ही रीत ३०, ४५ आणि ६० अंशांच्या तीन किमतींतून जाणारी दुसऱ्या कोटीची बहुपदीच आहे. शून्य धरून एकूण सात किमती हाताशी असताना सहाव्या कोटीची एकच बहुपदी रचता आली असती. तसे न करता शेजारच्या तीनच किमतींवर भरवसा ठेवण्याची ही निवड गणितीच्या पक्व समजुतीची आहे, आणि भास्कराचार्यांनीही ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत दहा-दहा अंशांच्या लहान सारणीसाठी हीच रीत स्वीकारली. इथे कमी पडणारी माहिती, फलन शेजारच्या अंतरालात एकाएकी वळत नाही, या विश्वासातून आलेली आहे, आणि ज्येच्या बाबतीत तो विश्वास सार्थ आहे.

तो विश्वास सर्वत्र सार्थ नसतो, आणि कोटी वाढवल्याने उणीव भरून निघते हा समजही टिकत नाही. कार्ल रुंगे यांनी १९०१ साली याचे जे उदाहरण दिले ते आजही प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावे. एक भागिले (१ + २५क्ष²) हे अत्यंत सौम्य दिसणारे फलन उणे १ ते १ या अंतरालात कुठेही १ च्या वर जात नाही. तरी समान अंतरावरच्या अकरा बिंदूंतून दहाव्या कोटीची बहुपदी नेली, तर टोकांजवळ तिची चूक सुमारे १.९ इतकी, म्हणजे फलनाच्या कमाल किमतीच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि बिंदू व कोटी दोन्ही वाढवत नेले तर ती आणखी वाढत जाते. पाफ्नुती चेबिशेव्ह यांच्या नावाने ओळखले जाणारे, टोकांकडे दाट होत जाणारे बिंदू निवडले की याच फलनाची चूक कोटीबरोबर कमी होत जाते. म्हणजे नोंदी किती आहेत यासोबत त्या कुठे आहेत, हेही विचारावे लागते.

संख्येने पुरेशा नोंदीही जागा चुकल्यामुळे अपुऱ्या ठरू शकतात. क्षच्या १०, १०.१ आणि १०.२ या किमतींना घेतलेल्या तीन नोंदी दुसऱ्या कोटीच्या बहुपदीला मोजणीत पुरतात. परंतु मधल्या नोंदीत केवळ ०.०१ ची त्रुटी असेल, तर वर्गपदाचा सहगुणक पूर्ण एकने बदलतो. त्याच तीन नोंदी १०, २० आणि ३० या ठिकाणी घेतल्या असत्या, तर तेवढ्याच त्रुटीने तो सहगुणक ०.०००१ इतकाच बदलला असता. दहा हजार पटींचा हा फरक केवळ स्थाननिवडीचा आहे, आणि कोणत्याही गणिती चातुर्याने तो नंतर भरून काढता येत नाही. किर्स्टीन स्मिथ या डॅनिश संख्याशास्त्रज्ञ विदुषीने १९१८ साली सहाव्या कोटीपर्यंतच्या बहुपदींसाठी नोंदी कुठे घेणे सर्वांत हिताचे असते याचे पद्धतशीर गणित केले, आणि दुसऱ्या कोटीसाठी ती जागा अंतरालाची दोन टोके व मध्य अशी येते. प्रयोगांच्या आखणीचे पुढचे विस्तृत शास्त्र या कामाच्या मागून उभे राहिले, तरीही नोंदी घेऊन झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाण्याची रीत अजून मोडलेली नाही. ती मोडायला हवी.

संगणकाने या विषयात एक नवा धोका आणला आहे. नोंदी कमी असल्या तरी अनेक प्रणाली थांबत नाहीत; फार तर एखादी सूचना दाखवतात आणि सहगुणक हाती देतात. अगणित उत्तरांपैकी एक निवडण्याचा त्यांचा एक प्रचलित नियम असा, की सहगुणकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान असेल ते उत्तर घ्यावे. एलियाकिम मूर यांनी १९२० साली आणि रॉजर पेनरोज यांनी १९५५ साली मांडलेल्या व्यापक व्यस्ताच्या संकल्पनेतून तो नियम सुबकपणे निघतो. गणिताच्या दृष्टीने नियम निर्दोष आहे, पण त्याचे उत्तर चलाचा आरंभबिंदू कुठे ठेवला यावर अवलंबून राहते, हे क्वचितच सांगितले जाते. वरच्याच दोन नोंदी घेतल्या आणि क्ष शून्यापासून मोजला, तर या नियमाने ग सुमारे ०.१९ येतो आणि क्ष १० असताना य सुमारे ३३.१ मिळतो, तोच क्ष २ पासून मोजला, म्हणजे चल म्हणून क्ष − २ घेतला, तर ग २.५ येतो आणि त्याच ठिकाणी य १७८.५ मिळतो. नोंदी त्याच, कोटी तीच, नियम तोच, आणि उत्तरात पाच पटींचा फरक. लोकसंख्येच्या दोन-तीन नोंदींवरून केलेला पुढच्या दशकाचा अंदाज वर्षे इसवी सनात लिहिली की शकात लिहिली यावरून बदलावा, हे कोणत्याही समंजस वाचकाला मान्य होणार नाही. पण नियम न समजता वापरला तर नेमके तसेच घडते. तिसरे समीकरण इथे निसर्गातून आलेले नाही, ते आकडे लिहिण्याच्या पद्धतीतून आलेले आहे.

याच कल्पनेला अर्थपूर्ण रूप देता येते, आणि ग्रंथाचा उत्तरार्ध त्यासाठी खर्च झालेला आहे. झाक आदामार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुस्थित प्रश्नाची जी लक्षणे सांगितली, म्हणजे उत्तर असावे, ते एकच असावे आणि नोंदी किंचित हलल्याने ते फार हलू नये, त्यांपैकी शेवटची दोन अपुऱ्या नोंदींच्या प्रश्नात मोडतात. आंद्रेई तिखोनोव्ह यांनी १९६३ मध्ये अशा प्रश्नांसाठी नियमनाची जी रीत मांडली, तीत नोंदींशी जुळण्याबरोबरच उत्तराच्या खडबडीतपणावर किंवा आकारावर दंड बसवला जातो, आणि आर्थर होर्ल व रॉबर्ट केनार्ड यांनी १९७० साली संख्याशास्त्रात तशाच पद्धतीचा प्रसार केला. दंड म्हणजे दुसऱ्या शब्दांत सहगुणकांविषयीचे पूर्वज्ञान: सहगुणक साधारण कुठल्या किमतीभोवती आणि किती फरकाने असावा याविषयीची अपेक्षा संभाव्यतेच्या भाषेत लिहिली, की दंडाचे वजन आपोआप ठरते. प्लॅटिनमच्या वर्गपदाची किंमत प्रमाणित सारणीतून उचलणे हे याचेच टोकाचे रूप आहे. तिथे अपेक्षा इतकी पक्की आहे की सहगुणक हलूच दिला जात नाही. दंड कशावर बसवायचा हे मात्र विषयाच्या जाणकाराने सांगायचे असते, आणि स्थिर सहगुणकावर दंड बसवण्याची वर दाखवलेली चूक तो करत नाही.

कोटी किती घ्यावी यासाठी हिरोत्सुगु आकाइके यांचा १९७३ चा निकष किंवा एकेक नोंद बाजूला ठेवून बाकीच्या नोंदींवरून तिचे भाकीत करण्याची पडताळणी, ही साधने उपयुक्त आहेत. पाच-सहा नोंदींवर मात्र त्यांचाही निर्णय डळमळीत असतो. दुसरीकडे, नोंदींहून कित्येक पट अधिक सहगुणक असलेली संगणकीय जाळी नोंदींशी तंतोतंत जुळूनही नव्या नोंदींचे चांगले भाकीत करतात, या मिखाईल बेल्किन आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या निबंधाने गाजलेल्या निरीक्षणामुळे जुने नियम कालबाह्य झाले, असा सूर ऐकू येतो. तो घाईचा आहे. त्या जाळ्यांतही उत्तर निवडणारा एक नियम असतोच, तो नियम प्रश्नाला साजेसा असतो तेव्हा भाकीत चांगले येते, आणि तो साजेसा का ठरतो हेच तिथल्या संशोधनाचे आजचे काम आहे.

नोंदींच्या पल्ल्याबाहेर जाणे, ज्याला बहिर्वेशन म्हणतात, हा सर्वांत कठोर कसोटीचा भाग आहे. अमेरिकेत ५ मे २०२० रोजी अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने करोनाच्या दैनंदिन मृत्यूंच्या आलेखावर घन बहुपदीवर आधारलेला वक्र दाखवून तो पुढच्या दिवसांत नेला, तेव्हा तो मे महिन्याच्या मध्यावर जवळजवळ शून्याला टेकत होता. प्रत्यक्षात मे संपण्यापूर्वीच त्या देशातल्या मृतांची संख्या एक लाखावर गेली. मागच्या दिवसांच्या नोंदी तिथे कमी नव्हत्या. पुढच्या दिवसांची मात्र एकही नोंद नव्हती, आणि साथ कशी पसरते याविषयीचे कोणतेही समीकरण घन बहुपदीत घातलेले नव्हते. वक्र खाली आला तो केवळ घनपदाच्या सहगुणकाच्या चिन्हामुळे, आणि मृत्यूंच्या आकड्यांविषयी अशी बेपर्वाई अक्षम्य म्हटली पाहिजे.

हा ग्रंथ पदवी स्तरावरचे बीजगणित आणि संभाव्यतेची प्राथमिक ओळख असलेल्या वाचकासाठी लिहिलेला आहे. सारणी-गणिताची लागेल तेवढी तयारी पहिल्या दोन प्रकरणांत करून घेतली आहे, आणि ज्यांना ती आहे त्यांनी थेट तिसऱ्या प्रकरणापासून वाचायला हरकत नाही. अभियंते, कृषी-संशोधक, औषधनिर्मितीतले तंत्रज्ञ, भूजलाच्या मोजक्या विहिरींवरून अंदाज बांधणारे सर्वेक्षक, अशा सर्वांना नोंदी कमीच मिळतात, आणि पुष्कळदा अधिक नोंदी घेणे त्यांच्या हाती नसते. त्यांना एवढीच विनंती आहे, की सहगुणकांची सारणी अहवालात छापताना तिच्या शेजारी नोंदींची संख्या, त्या चलाच्या कोणत्या पल्ल्यातल्या आहेत ते, आणि कमी पडलेले समीकरण कुठून आणले ते स्पष्ट लिहावे. यांपैकी तिसरी गोष्ट लिहिता येत नसेल तर बहुपदीची कोटी एकने उतरवावी आणि गणित पुन्हा करावे.